आपलाच माणूस

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात सहा बिल्ले आहेत. त्यांतले पाच निरनिराळ्या साहित्यसंमेलनांचे. गुलाबी, केशरी, एक चक्क मोरपिशी. साटिनची फीत, वर गोल पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वीणा घेतलेली शारदा आणि खाली ‘प्रतिनिधी’ किंवा ‘निमंत्रित’ अशी अक्षरे. सैनिकाला पदक मिळते, पहिलवानाला गदा मिळते. मराठीच्या प्राध्यापकाला मिळतो तो बिल्ला. संमेलन संपल्यावरही तो दोन दिवस शर्टावर राहून जातो, म्हणजे आपण काढत नाही. एस. टी. चा कंडक्टर बिल्ल्याकडे पाहून जरा अदबीने सुटे पैसे परत करतो, असा माझा आपला समज आहे.

सहावा बिल्ला अमेरिकेतला. चांगला तळहाताएवढा, गुळगुळीत पुठ्ठ्याचा, गळ्यात अडकवायच्या काळ्या दोरीसकट. त्यावर एक आयरिश वळणाचे नाव छापले आहे. ते नाव माझे नाही आणि तो बिल्लाही माझा नाही. तरी एका शनिवारी तो गळ्यात घालून मी चार तास मिरवलो. ही हकिगत सांगावी की सांगू नये, याचा मी वर्षभर विचार केला. दिवाळी अंकात लेखकाने आपली फजिती सांगावी, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. पण ही नुसती फजिती नव्हे, म्हणून उशीर झाला.

२०२४ सालच्या उन्हाळी सुट्टीत मी अमेरिकेला गेलो तो ताईच्या हट्टापायी. तिचा मुलगा सॅन डिएगोत इंजिनिअर आहे. “तू एकदा डोळ्यांनी बघून ये, तो नीट जेवतो की नाही ते,” असे सांगून तिने माझ्या पेटीत मेतकूट, भाजणी आणि कुळथाचे पीठ भरले. माझे कपडे उरलेल्या जागेत बसले.

सॅन डिएगो हे अमेरिकेच्या नकाशातले अगदी खालचे, डाव्या कोपऱ्यातले शहर. तिथून मोटारीने अर्ध्या तासात मेक्सिकोची सरहद्द लागते. एका बाजूला पॅसिफिक महासागर, आत शिरलेली शांत खाडी, खाडीवर आरमाराची करडी जहाजे आणि पलीकडच्या कोरोनाडोला जाणारा, धनुष्यासारखा वाकलेला निळा पूल. मे-जूनमध्ये तिथे सकाळी आभाळ भरून येते आणि दुपारपर्यंत हलत नाही. तिथल्या लोकांनी त्याला ‘जून ग्लूम’ असे उदास नाव ठेवले आहे. वैशाखातल्या साताऱ्याहून गेलेल्या मला ते आभाळ म्हणजे पर्वणी वाटली.

“मामा, उद्या तुम्हाला इथली तीर्थक्षेत्रं दाखवतो,” भाचा म्हणाला. ताईने त्याला, मामाला देवळात ने, असे सांगितले असावे, अशी माझी समजूत झाली आणि मी सकाळी आंघोळ करून तयार राहिलो.

पहिले तीर्थक्षेत्र निघाले एक हॉटेल. शहराच्या मध्यभागी असलेले हे ‘यू. एस. ग्रँट’ १९१० साली उघडले; अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मुलाने बापाच्या नावाने बांधलेले. भाच्याने बाहेरच्या फरसबंदीवर उभे राहून, पंढरपुरात नामदेवाच्या पायरीशी बोलावे तशा हलक्या आवाजात सांगितले, “इथं सुरू झालं सगळं.”

‘सगळं’ म्हणजे कॉमिक-कॉन. चित्रकथांवर, विज्ञानकथांवर आणि त्यांवरच्या सिनेमांवर जीव टाकणाऱ्या लोकांचे संमेलन. शेल डॉर्फ नावाचा एक छत्तिशीतला गृहस्थ आणि त्याच्याभोवती जमलेली, बहुतेक मिसरूड न फुटलेली पोरे, एवढेच संयोजक. १९७० च्या मार्चमध्ये त्यांनी या हॉटेलात एका दिवसाचा छोटा मेळावा भरवून पाहिला. तो जमला, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टच्या १ ते ३ तारखांना तीन दिवसांचे संमेलन भरवले. रे ब्रॅडबरी हा मोठा लेखक आला, जॅक कर्बी हा मोठा चित्रकार आला आणि ऐकायला माणसे आली सुमारे तीनशे. माझ्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला आम्ही चहा ठेवतो, त्या वर्षी तीनशे माणसे येतात. मला तो आकडा फारच घरगुती वाटला.

दुसरे तीर्थक्षेत्र टेकडीवरचे ‘एल कॉर्टेझ’. हेही १९२७ सालचे जुने हॉटेल. आता तिथे लोक बिऱ्हाडे करून राहतात. सत्तरच्या दशकात संमेलन बहुतेक वर्षे इथे भरे. त्या काळी तिथे गेलेले लोक अजून सांगतात, की पोहण्याच्या तलावाच्या काठी एखादा नामांकित चित्रकार पाय सोडून बसलेला असे आणि कोणीही जाऊन त्याच्या शेजारी बसावे.

तिसरे क्षेत्र खाडीच्या काठावर. पांढऱ्या शिडांसारखे छप्पर असलेली, जहाजासारखी लांबच लांब इमारत. समोर ट्रॅमचे आणि आगगाडीचे रूळ, पलीकडे गॅसलॅम्प नावाची जुनी पेठ. हे शहराचे कन्व्हेन्शन सेंटर १९८९ साली झाले आणि १९९१ पासून संमेलन इथे आले. आम्ही गेलो तेव्हा तिथे शुकशुकाट होता. एक झाडूवाला काचा पुसत होता. भाचा म्हणाला, “जुलैत या. सव्वा लाखाच्या वर माणूस.”

तीनशेचे सव्वा लाख! मी त्या काचांकडे पाहत राहिलो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षा-वर्षाची वलये दिसतात, तशी या शहरात या संमेलनाच्या वाढीची तीन वलये मोटारीने दहा मिनिटांत पाहता येतात. आतल्या सर्वांत मोठ्या दालनात सुमारे साडेसहा हजार माणसे बसतात आणि तिथे जागा मिळावी म्हणून लोक रात्र-रात्र फुटपाथवर पथाऱ्या टाकतात. बाकीच्यांचे तेही नशीब नसते, कारण प्रवेशाचा बिल्लाच मिळत नाही. आधी नाव नोंदवायचे, मग ठरल्या दिवशी संगणकापुढे बसून आपला नंबर लागण्याची वाट पाहायची. पुष्कळांचा लागत नाही. भाचा पाच वर्षांत एकदा आत जाऊ शकला होता.

“आणि बिल्ला कुणाचा उसना घेतला तर?” मी सहज विचारले. गेटावरच्या सवलतींत आयुष्य गेलेल्या माणसाला असे प्रश्न सहज सुचतात.

“इथं जमत नाही. २०१६ पासून बिल्ल्यात चिप आहे. आत जाताना खांबाला टेकवायचा, बाहेर पडतानाही टेकवायचा. आत गेलेला बिल्ला बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जात नाही.”

बाहेर पडतानाही! आत येणाऱ्याला हटकतात हे मी जाणून होतो; जाणाऱ्याची नोंद कशाला, हे मला कळले नाही. मी ते यांत्रिक देशाचे यांत्रिक खूळ समजलो आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला तोंड देत उभा राहिलो.

माझ्या चेहऱ्यावरची निराशा भाच्याला दिसली असावी. तो म्हणाला, “मामा, शनिवारी दुसरीकडे जाऊ. काही तासांवर एका गावात असंच एक कॉन भरतं. लहान आहे, पण दर वर्षी वाढतंय. मजा येईल.”

त्या गावाचे आणि त्या संमेलनाचे नाव मी सांगत नाही. ज्या घरी जेवलो त्या घरची आमटी खारट होती, हे गावभर सांगू नये. शिवाय तिथे जे चुकले त्यात माझाही हात होता.

शनिवारी पोचलो तो दहा वाजले होते. मोटार दूर लावून चालू लागलो आणि वाटेतच मला माझे बालपण भेटले. आमच्या गावात बहुरूपी येत. एक दिवस शंकर, एक दिवस फौजदार, एक दिवस बाळंतीण. इथे सारा गावच बहुरूपी झाला होता. लाल झग्याचे वीर, हिरव्या तोंडाचे राक्षस, पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या पऱ्या, पत्र्याची टोपडी घातलेले यंत्रमानव. एक आजोबा जादूगाराची दाढी लावून काठी टेकत चालले होते. दाढी खोटी होती, काठी खरी होती. याला ते लोक ‘कॉस्प्ले’ म्हणतात. महिनोन् महिने खपून घरीच शिवलेले कपडे. एका मुलीने आपल्या चिलखताचा एकेक खवला योगासनाची चटई कापून केला होता. मी विचारताच तिने पंधरा मिनिटे उभ्या उभ्या कृती सांगितली. मराठी रसिकांविषयी मी वर्गात पुष्कळ बोलतो. एका चित्रकाराची सही मिळावी म्हणून दोन तास हसतमुखाने उभे राहिलेले हे रसिक पाहून माझा ऊर भरून आला. ही पिढी वाचत नाही, असे पुन्हा म्हणायचे नाही, असे मी तिथेच ठरवले.

अडचण एकच होती. शनिवारचे बिल्ले संपले होते. भाच्याजवळ स्वतःचा होता, त्याच्या आयरिश मित्राजवळ त्याचा होता, माझ्यासाठी नव्हता.

“काळजी करू नका मामा. सगळेच करतात,” भाचा म्हणाला.

सगळेच करतात ते असे. मित्र आपला बिल्ला गळ्यात घालून आत गेला. भाचाही गेला. आत गेल्यावर मित्राने बिल्ला काढून भाच्याजवळ दिला, भाचा बाहेर आला आणि तो बिल्ला माझ्या गळ्यात पडला. आत एकदा शिरलेल्या मित्राला कोणी विचारणार नव्हते. एका बिल्ल्यावर दोन माणसे! दारावर पिवळे जाकीट घातलेला एक पोरसवदा स्वयंसेवक होता. त्याच्या अंगावर एका वेळी पंधरा-वीस माणसे चालून येत होती आणि तो बिचारा माणसांच्या छातीकडे पाहून मान हलवीत होता. छातीवर काही तरी लोंबते आहे ना, एवढेच त्याला पाहणे शक्य होते. निम्मे बिल्ले उलटे फिरलेले होते. कालचा शुक्रवारचा बिल्ला आणि आजचा शनिवारचा बिल्ला यांत फरक फक्त एका ओळीचा, तोही बारीक अक्षरांत. मी पुढे झालो. त्याने माझ्या गळ्यातले आयरिश नाव पाहिले, वरचा सातारी चेहरा पाहिला आणि “मजा करा, सर,” म्हणाला.

मी खूष झालो, हे कबूल करतो. परदेशात माणसाला आपल्या देशातली एखादी युक्ती चालली की आपण घरी आहोत असे वाटते. थोडे पुढे एका बाजूच्या दाराला कोणी तरी बुटाचा टेकू लावून ठेवला होता आणि त्यातून ओळखीपाळखीचे लोक ये-जा करीत होते. ते पाहून तर मला आमच्या महाविद्यालयाचा हॉलच आठवला. आमच्या स्नेहसंमेलनाच्या प्रवेशद्वार समितीवर मी बारा वर्षे आहे. सहाशे खुर्च्या, सहाशे पास. पण कार्यक्रम सुरू होताना आत हजार माणूस असते. उरलेले चारशे कुठून येतात ते मला पक्के ठाऊक आहे, कारण त्यांतले बरेचसे मी सोडलेले असतात. कोणी माजी विद्यार्थी, कोणी नगरसेवकांचा मेव्हणा, कोणी आमच्या सौ. च्या भिशीतल्या. “राहू द्या हो, आपलाच माणूस आहे,” हे वाक्य म्हणताना आपण किती उदार आहोत, असे वाटते!

दुपारी दोनच्या सुमाराला एका दालनातला कार्यक्रम सुटला. सिनेमातला कोणी लोकप्रिय नट आला होता. त्या दालनाचे दार एका लांबट पॅसेजमध्ये उघडत होते आणि पुढच्या कार्यक्रमाची रांग त्याच पॅसेजमध्ये उभी होती. सुटलेले लोक बाहेर येऊ लागले, उभे असलेले लोक आत जाऊ लागले आणि मागून, नट दिसेल या आशेने, आणखी लोक आले. मी आणि भाचा मधोमध होतो.

पहिल्यांदा गंमत वाटली. मग माझा उजवा हात, बिल्ला सरळ करायला उचललेला, तो वरच अडकून राहिला. मग माझ्या ध्यानात आले की मी चालत नाही. मला नेले जात आहे. डावीकडून एक हळू लाट यावी, आपण सगळ्यांसकट दोन पावले उजवीकडे जावे, पुन्हा परत यावे, असे चालले होते. ओरडत कोणी नव्हते. सगळे “सॉरी, सॉरी” म्हणत होते. गर्दीचा अभ्यास केलेले लोक सांगतात की एका चौरस मीटरच्या जागेत चार माणसे असली तर दाटी म्हणावी, पाच-सहा झाली की धोका आला आणि सातच्या आसपास गर्दी माणसांसारखी वागतच नाही, पाण्यासारखी वागते. तिच्यात लाटा उठतात. तिच्यात मेलेली माणसे पुष्कळदा तुडवून मरत नाहीत; उभ्या उभ्या, छाती फुगवायला जागा न मिळाल्यामुळे मरतात. आणि ढकलणाऱ्याला हे माहीत नसते. मागच्याला पुढे फक्त माणसांची डोकी दिसतात. हे सारे मी नंतर वाचले. त्या क्षणी मला फक्त एक नाव आठवले : मांढरदेव.

मांढरदेवचा डोंगर आमच्या वाई तालुक्यातला. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, काळूबाईची जत्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वरून येणारे, खालून जाणारे, मधेच पेटलेली दुकाने. अडीचशेहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर मदतीला म्हणून गेलो तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. वाटेच्या कडेला चपलांचा ढीग होता. त्यात लहान मुलांच्या चपला होत्या. पुढे अनेक वर्षे मी चप्पल काढून कुठल्याही देवळाच्या रांगेत उभा राहू शकलो नाही. आणि तोच मी दर डिसेंबरात हॉलच्या दारात उभा राहून सहाशेंच्या जागेत हजार माणसे सोडीत होतो! या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे एम. ए. झालेल्या माणसाच्या ध्यानात इतकी वर्षे आले नव्हते. ते तिथे, त्या पॅसेजमध्ये आले.

माझ्या पोटाशी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आली होती. पुठ्ठ्याचे पंख होते, ते मोडून तिच्या पाठीला चिकटले होते. तिची आई दोन माणसे सोडून पलीकडे होती आणि एकसारखी तिचे नाव घेत होती. मुलगी रडत नव्हती. तोंड वर करून, मासोळीसारखे उघडून श्वास घेत होती. मी दोन्ही हात कसेबसे भिंतीला लावले आणि तिच्याभोवती कमान केली. माझ्या पाठीवर जो भार येत होता तो कोणा दुष्ट माणसाचा नव्हता. एखाद्या माझ्यासारख्याचाच होता.

आम्हाला वाचवले एका पोक्त बाईने. पिवळे जाकीट होते, म्हणजे स्वयंसेविकाच. ती पॅसेजच्या मागच्या टोकाला एका टेबलावर चढली आणि पुढच्यांना काही न सांगता तिने मागच्यांना फर्मावले, “तुम्ही! थांबा. मागे फिरा. दहा पावलं.” तिचा आवाज आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंसारखा होता. शेवटची रांग वळली, मग तिच्या पुढची आणि थोड्या वेळाने तो भार माझ्या पाठीवरून, कोणी पोते उचलून घ्यावे तसा, उतरला. मुलगी आईकडे गेली. पंख तिथेच राहिले. सुदैवाने कोणाला फारशी इजा झाली नाही. एक मुलगा बेशुद्ध पडला होता, तोही पाणी मारताच उठून बसला.

पाठोपाठ अग्निशमन खात्याचा अधिकारी आला. त्याने भिंतीवरच्या एका पाटीकडे बोट दाखवले. ती पाटी मी सकाळपासून तीनदा ओलांडली होती : या दालनात जास्तीत जास्त इतक्या व्यक्ती. असा आकडा ते लोक भिंतीवर का लिहितात, त्याला मोठा इतिहास आहे. १९४२ च्या नोव्हेंबरात बॉस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नाइट क्लबला आग लागली. परवानगी होती साडेचारशेच्या आसपास माणसांची. आत होती हजाराच्या घरात. त्यांतली ४९२ मेली. गोल फिरणारे मुख्य दार गर्दीने अडकले आणि गिऱ्हाइकाने बिल बुडवून जाऊ नये म्हणून बाजूच्या काही दारांना कुलपे होती. त्यानंतर अमेरिकेत सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले. दारावरच्या माणसाने हिशेब पैशांचा नव्हे, जिवांचा ठेवायचा असतो, हे शिकायला ४९२ माणसे लागली. २००६ साली न्यूयॉर्कचे कॉमिक-कॉन पहिल्यांदा भरले तेव्हाही शनिवारी अशीच झुंबड उडाली, अधिकाऱ्यांना दारे बंद करावी लागली आणि तिकिटे काढलेली माणसे बाहेर थंडीत राहिली.

आमच्याकडेही दारे बंद झाली. नवा माणूस आत नाही. एक बाहेर गेला तर एक आत. मी पाणी प्यायला म्हणून पुढच्या काचेच्या दालनात आलो तेव्हा बाहेरची रांग दिसली. सकाळच्या गाडीने लांबून आलेली कुटुंबे असावीत. अगदी काचेला लागून एक बाप आणि मुलगा उभे होते. मुलाने पुठ्ठ्याची ढाल केली होती. तिच्यावरचा तारा जरा वाकडा आला होता. त्याच्या गळ्यात बिल्ला होता. सुलटा. त्यावर ‘शनिवार’ असे छापलेले मला आतून वाचता येत होते. काचेच्या बाहेर तो, त्याच्या स्वतःच्या बिल्ल्यासह. काचेच्या आत मी, दुसऱ्याच्या बिल्ल्यासह. तो माझ्याकडे पाहून हसला. मी आत आहे म्हणजे मी कोणी मोठा माणूस असणार, असे त्याला वाटले असेल.

त्या हसण्याला उत्तर देता येईना. मी भाच्याला म्हणालो, “मी बाहेर जातो.”

“मामा, तुम्ही एकट्यानं गेल्यानं काय फरक पडणार आहे?”

“एकाचा पडेल.”

दारातल्या पोराच्या हातात आता मोजणीचे छोटे यंत्र आले होते. मी बाहेर पडलो, त्याने अंगठ्याने टक् केले आणि हात वर करून रांगेतला एक माणूस आत सोडला. तो मुलगा बापाशिवाय कसा जाणार? म्हणून मी मागे वळून पाहिले, तर भाचाही बाहेर येत होता. पुन्हा टक् झाले. पुढे ते दोघे आत गेले की आणखी कोणी, ते गर्दीत मला दिसले नाही. दिसले असे लिहिले असते तर हकिगत अधिक गोड झाली असती.

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ बोलला नाही. मग एकदम म्हणाला, “मामा, मी हिशेब केला. आमच्या ओळखीचेच पाच बिल्ल्यांवर नऊ जण होतो.” मी खाडीवरची शिडे आठवीत होतो. आत जाताना टेकवायचे, बाहेर पडतानाही टेकवायचे, या खुळाचा अर्थ मला आता लागला होता. दार ओलांडून आत किती गेले याची नोंद पुष्कळ ठिकाणी असते. या घटकेला आत किती आहेत, हे सांगता येणे ही खरी गोष्ट. ज्याला ते सांगता येत नाही त्याने पाहुणे बोलावू नयेत. तीनशे असतात तोवर यजमान नुसत्या नजरेने मोजतो. हजारो झाले की नजर पुरत नाही आणि तेव्हाही जो नजरेवर भागवतो त्याचे संमेलन वाढले आहे, यजमान वाढलेला नाही. बिल्ला मी मित्राला परत देऊ लागलो तर तो म्हणाला, आठवण म्हणून ठेवा. आठवणीची काही कमतरता नव्हती, तरी ठेवला.

गेल्या जानेवारीत आमचे स्नेहसंमेलन झाले. प्रवेशद्वार समितीवर मी नेहमीप्रमाणे होतोच. दुपारी जाऊन आधी हॉलचे मागचे दार पाहिले. दर वर्षीप्रमाणे त्याला कुलूप होते आणि किल्ली शिपायाच्या खिशात. तो चहाला गेला होता. कुलूप काढवले आणि तिथे दोन मुले उभी केली : आतून बाहेर कोणीही, बाहेरून आत कोणी नाही. पुढच्या दारावर चार मुले, मोजायला दोन. सहाशे झाले की बस्स, असे प्राचार्यांच्या सहीने लावून टाकले. नगरसेवकांचे मेव्हणे आले. त्यांनी माझ्या नोकरीचे वय विचारले. भिशीतल्या बायका आल्या. त्याचे फळ मी घरी भोगले.

आणि सव्वासात वाजता ताई आली. शेजारच्या तिघी बरोबर. त्यांतल्या एकीची मुलगी समूहनृत्यात होती. पास कोणाकडेच नव्हता. आतला आकडा सहाशेला लागला होता.

“अरे, बाजूला हो की,” ताई म्हणाली.

“ताई, पास?”

“पास? मला? तुझी मुंज मी पाहिली आहे.”

मागे रांग होती. दारावरची मुले माझ्याकडे टक लावून पाहत होती. सर आता काय करतात, हे त्यांना वर्गातल्या व्याख्यानापेक्षा महत्त्वाचे होते. मी म्हणालो, “ताई, आतून कोणी बाहेर आलं की आधी तुम्हालाच सोडतो. तोवर कट्ट्यावर बस.”

ताई कट्ट्यावर बसली. माझ्याकडे पाठ करून बसली. वीस मिनिटांनी एका प्राध्यापकांच्या घरची चार माणसे, लहान मूल रडू लागले म्हणून, उठून गेली. मी ताईला हाक मारली. ती उठली, पदर सावरला, तिघींना पुढे घातले आणि माझ्यासमोरून जाताना, माझ्याकडे न पाहता, दारावरच्या मुलांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात एकेकीच्या पाठीला हात लावीत स्वतःच मोजले, “एक, दोन, तीन.” मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, “आणि ही चार. लिही रे, नीट लिही.”